विश्लेषण : सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला परवाना कोण देतो? गडचिरोली-चंद्रपूरसाठी हा प्रश्न कळीचा का?

गडचिरोलीच्या दुर्गम भागातील एखाद्या पोलीस मदत केंद्रात कर्णबधिर तरुणी तक्रार द्यायला आली, तर तिचे म्हणणे कागदावर कोण उतरवणार? ती बोलू शकत नाही. शाळेत गेलेली नसल्याने लिहूही शकत नाही. तिच्या खुणा घरच्यांनाच कळतात आणि घरचे माडिया बोलतात. कायदा सांगतो की, दुभाषा बोलवा. मात्र हा दुभाषा कोण असावा, त्याची पात्रता कोण तपासते, त्याने चुकीचा अर्थ सांगितला तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आणि नियमांत विखुरलेली आहेत. ती न्यायालयात, पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यातही लागतात.

दुभाष्याला परवाना देतो कोण?

डॉक्टरला वैद्यक परिषद आणि वकिलाला बार कौन्सिल असते, तशी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी स्वतंत्र परिषद भारतात नाही. हे काम भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येते. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ठरवणे, संस्थांना मान्यता देणे आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद करणे ही तिची मुख्य कामे. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास या कायद्याच्या कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याच्या मूळ यादीत श्रवणतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ अशी नावे आहेत. सांकेतिक भाषेचा दुभाषा त्यात नावाने नाही. नंतर परिषदेने दुभाष्यांच्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली आणि या व्यवसायाला अधिकृत वाट मिळाली. त्यामुळे आपल्याकडे ‘परवाना’ म्हणजे व्यवहारात दोन गोष्टी : मान्यताप्राप्त पदविका आणि परिषदेकडील नोंदणी.

अभ्यासक्रम कोणता?

‘भारतीय सांकेतिक भाषा दुभाषा पदविका’ हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतो. कर्णबधिर व्यक्तींसाठी सांकेतिक भाषा शिकवण्याची वेगळी पदविका आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील प्रमुख संस्था. मुंबईची संस्था १९८३ मध्ये, तर दिल्लीचे केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले.

दोन वर्षे कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. भारतीय सांकेतिक भाषा ही मराठी किंवा हिंदी शब्दांची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ हे विचारताना ‘कुठे’ची खूण वाक्याच्या शेवटी येते. प्रश्न आहे की विधान, होकार आहे की नकार, हे भुवया, मान आणि चेहऱ्यावरून ठरते. केवळ हातांकडे पाहणाऱ्याचा अर्थ त्यामुळे हमखास चुकतो. दिल्लीच्या केंद्राचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता. २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत ही संख्या दहा हजारांवर गेली. त्यात कायदा, वैद्यक, शेती अशा क्षेत्रांतील संज्ञाही आहेत.

कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले किंवा कर्णबधिरांची भावंडे ही भाषा लहानपणापासून वापरतात. पदविका नसली तरी त्यांचे कौशल्य तपासून प्रमाणित करण्याची चाचणीही आता आहे. खेड्यापाड्यांसाठी ही वाट महत्त्वाची ठरू शकते, कारण दोन वर्षे मुंबई-दिल्लीत राहणे अनेकांना परवडत नाही.

राज्य सरकार स्वतंत्र परवाना देऊ शकते का?

अमेरिकेत १९६४ मध्ये दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदणी संस्था स्थापन झाली. तिचे प्रमाणपत्र देशभर मानले जाते. पण परवान्याचा अधिकार राज्यांकडे आहे. काही राज्यांत परवान्याशिवाय दुभाषाचे काम करणे बेकायदा ठरते, तर काही राज्यांत तसे बंधन नाही. न्यायालयीन कामासाठी अनेक ठिकाणी वरच्या दर्जाची पात्रता लागते.

भारतातील रचना वेगळी आहे. व्यवसायांचे नियमन हा विषय समवर्ती सूचीत येतो आणि पुनर्वास व्यावसायिकांबाबत केंद्राचा कायदा आधीच आहे. त्यामुळे महाराष्ट्राने स्वतःचा समांतर परवाना काढण्याला फारसा वाव नाही. पण राज्याचे हात बांधलेले आहेत असेही नाही. पोलीस दल हा राज्याचा विषय, दिव्यांगांचे साहाय्य राज्य सूचीत. जिल्हानिहाय दुभाष्यांची यादी करणे, मानधन ठरवणे, स्थानिक तरुणांना प्रशिक्षणासाठी पाठवणे, न्यायालय आणि पोलीस यांच्या कामासाठी वेगळी तयारी करून घेणे हे सारे राज्याच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

कायद्याने दुभाषा कुठे बंधनकारक?

दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक अत्याचार प्रकरणानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यांत बदल झाले. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे, असे ठरले. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराबाबत भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२५ लागू होते. साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो, ही साक्ष तोंडी पुरावाच मानली जाते. मात्र न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतली पाहिजे आणि चित्रीकरण झाले पाहिजे. दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत.

या तरतुदी ‘दुभाषा’ म्हणतात, पण दुभाषा म्हणजे कोण, त्याची नोंदणी हवी की नको, हे सांगत नाहीत. पीडित बालक असेल तेव्हा चित्र अधिक स्पष्ट आहे. ‘पॉक्सो’ कायद्याखालील नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, अनुवादक आणि विशेष शिक्षकांची नोंदवही ठेवायची असते. पोलीस, दंडाधिकारी आणि विशेष न्यायालयाला ती उपलब्ध करून द्यायची असते. त्या वहीतील सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची पात्रता विद्यापीठाची किंवा पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची असावी लागते. वहीबाहेरची व्यक्ती घ्यायची झाल्यास अनुभव किंवा भाषेवरील प्रभुत्वाच्या पुराव्यावर अट शिथिल करता येते. दुभाष्याने निःपक्षपाती राहावे, हितसंबंध असल्यास आधी सांगावे आणि काहीही न वाढवता, न गाळता अर्थ सांगावा, हेही नियमांत आहे. त्याचे मानधन शासकीय निधीतून द्यायचे असते, कुटुंबाने नव्हे.

म्हणजे १७ वर्षांच्या मुलीसाठी पात्र दुभाष्याची नोंदवही आहे. १९ वर्षांच्या तरुणीसाठी ‘दुभाषा’ हा केवळ शब्द आहे.

घरचाच माणूस दुभाषा झाला तर बिघडले कुठे?

व्यवहारात बहुतेक वेळा हेच घडते. आई, भाऊ, नवरा किंवा शेजारी खुणांचा अर्थ सांगतो आणि पोलीस तो लिहून घेतात. यात दोन धोके आहेत. पहिला माणुसकीचा. अत्याचार करणारा घरातला किंवा ओळखीतला असेल तर तिचे म्हणणे त्याच्याच माणसांच्या तोंडून बाहेर येते. दुसरा धोका पुराव्याचा आहे.

राजस्थानातील एका खून खटल्यात मृताची कर्णबधिर पत्नी ही महत्त्वाची साक्षीदार होती. तिच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी सांगितला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मधील निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, दुभाषा साक्षीदाराच्या परिसरातला, तिच्या खुणा समजणारा असावा. पण खटल्याच्या निकालात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्यालाही शपथ दिली गेली पाहिजे. केवळ दुभाष्याने सांगितलेला अर्थ नव्हे, तर साक्षीदाराच्या खुणांचीही नोंद हवी. साक्षीदाराला लिहिता-वाचता येत असेल तर लेखी उत्तरे घेणे अधिक चांगले. या प्रकरणात या बाबी पाळल्या गेल्या नव्हत्या. त्या साक्षीवर विसंबता आले नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली.

‘परिसरातला, पण हितसंबंध नसलेला’ ही अट वाचायला सोपी वाटते. पन्नास उंबऱ्यांच्या गावात तसा माणूस शोधणे ही मात्र मोठीच अडचण असते.

पात्रता तपासली नाही तर काय होते?

१० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्ग येथे नेल्सन मंडेला यांच्या स्मृतिसभेत व्यासपीठावरील दुभाष्याने जगभरातील नेत्यांची भाषणे खुणांत ‘उतरवली’. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या कर्णबधिरांच्या लक्षात आले की, त्या हातवाऱ्यांना काहीच अर्थ नव्हता. सांकेतिक भाषा न येणाऱ्यांना ते कळले नव्हते. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत दुभाषे आणि अनुवादकांच्या नोंदणीसाठी परिषद स्थापन करणारा कायदा झाला.

नोंदणीची गरज का, याचे उत्तर या घटनेत आहे. आचारी चुकला तर जेवणाऱ्याला कळते. दुभाषा चुकला तर ज्याच्यासाठी तो उभा आहे त्याला बहुतेकदा सांगता येत नाही आणि ज्यांना सांगता आले असते त्यांना कळत नाही. म्हणून त्याची पारख आधीच आणि जाणकारांकडून व्हावी लागते.

गडचिरोलीत नेमकी अडचण कोणती?

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरला आहे. बहुतांश भाग जंगलाचा. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून लांब. भामरागडच्या पलीकडची अनेक गावे पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तुटतात. नोंदणीकृत दुभाषा नागपूरहून बोलवायचा तर येण्या-जाण्यात दोन दिवस जाऊ शकतात आणि अत्याचाराच्या तक्रारीत सुरुवातीचे तासच महत्त्वाचे असतात.

दुसरी अडचण भाषांची. मराठीबरोबर गोंडी, माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यातील निर्वासित वसाहतींत बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि हिंदी असा हा जिल्हा आहे. ऐकू येणाऱ्या माडिया महिलेलाही ठाण्यात किंवा न्यायालयात दुभाषा लागतो. कर्णबधिर माडिया महिलेला एक नव्हे, दोन पूल ओलांडावे लागतात.

तिसरी आणि सर्वांत खोल अडचण वेगळीच आहे. भारतीय सांकेतिक भाषा मूल सहसा घरात शिकत नाही, कारण बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. ते ही भाषा शिकते शाळेत, वसतिगृहात आणि आपल्यासारख्याच इतर मुलांमध्ये. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनात कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांना एक समाज मिळतो, सामायिक खुणा मिळतात. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर मात्र गावात एकच कर्णबधिर व्यक्ती असते. तिच्या आणि कुटुंबाच्या दरम्यान रोजच्या वापरातून ‘घरगुती खुणा’ तयार होतात. पाणी, गुरे, मोहफुले, तेंदूपत्ता, बाजार, मामाचे गाव अशा गोष्टींसाठी त्या पुरतात. पण ‘कधी’, ‘किती वेळा’, ‘माझ्या मर्जीविरुद्ध’ हे सांगायला त्या अपुऱ्या पडू शकतात आणि घराबाहेरच्या माणसाला तर त्या कळतच नाहीत.

मुंबईत पदविका घेतलेला, नोंदणीकृत, निष्णात दुभाषा अशा तरुणीसमोर बसवला तरी दोघांत सामायिक भाषाच नसते. परवाना आहे, माणूस आहे, पण संवाद नाही.

मग परवान्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, फक्त तो एकट्याने पुरत नाही. अशा वेळी काही देशांत दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. खुणांच्या जगातच वाढलेली प्रशिक्षित कर्णबधिर व्यक्ती साक्षीदाराशी चित्रे, अभिनय, वस्तू, नकाशा अशा सगळ्या साधनांनी संवाद साधते आणि समजलेले प्रमाण सांकेतिक भाषेत सांगते. दुसरा, ऐकू येणारा दुभाषा ते न्यायालयाच्या भाषेत आणतो. अमेरिकेत अशा कर्णबधिर दुभाष्यांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. आपल्याकडे कर्णबधिरांसाठी मान्यताप्राप्त पदविका आहे ती शिकवण्याची. दुभाषा पदविका ऐकू येणाऱ्यांचीच.

कायद्याचा आधार मात्र उपलब्ध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या साधनाने नोंदवता येईल अशी सोय करणे सरकारवर बंधनकारक आहे. ‘पसंतीचे साधन’ या शब्दांत घरगुती खुणाही बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करताना स्थानिक खुणाभाषांचा आदर राखण्याचे म्हटले आहे. अशा भाषा कल्पनेतल्या नाहीत. कर्नाटकातील अलिपूर या गावात कर्णबधिरांची संख्या जास्त असल्याने तिथली स्वतंत्र खुणाभाषा तयार झाली असून तिचा अभ्यासही झाला आहे.

हा प्रश्न न्यायालयापुरताच आहे का?

नाही. ग्रामीण रुग्णालयात पोटदुखी कधीपासून आहे हे सांगणे, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उमटवण्याआधी ते समजून घेणे, वाघाचा वावर असल्याची भोंग्यावरून दिलेली सूचना कळणे, हे सगळे संवादावरच उभे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत शेवटचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे या भागात ग्रामसभेला मोठे अधिकार मिळाले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. सर्वसहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेत कर्णबधिर सदस्याची सहमती कशी घ्यायची, हाही दुभाष्याचाच प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या नवव्या अनुच्छेदात व्यावसायिक सांकेतिक दुभाष्यांची सोय करण्याचे कर्तव्य सदस्य देशांवर टाकले आहे. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या आसपास नोंदवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले, तेव्हा ती देशभराची बातमी झाली होती.

पुढचा मार्ग कोणता?

महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले आणि त्यांच्या व्याख्येत वाचा व श्रवणदोष असलेल्या साक्षीदारांचाही समावेश केला. या केंद्रांना दुभाष्यांची यादी जोडणे ही पुढची स्वाभाविक पायरी आहे. ‘पॉक्सो’खालील जिल्हा नोंदवही प्रौढांसाठीही खुली करता येईल. त्यासाठी नवा परवाना किंवा नवी परिषद लागत नाही. नोंदवहीत दोन प्रकारची नावे हवीत : नोंदणीकृत दुभाषे आणि गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली भागातील कर्णबधिर व स्थानिक साहाय्यक. साहाय्यकांनाही निःपक्षपातीपणा, गुप्तता आणि शपथ यांचे प्रशिक्षण द्यावे लागेल. व्हिडीओ कॉलवरून दुभाषा मिळवण्याची सोय उपयोगी आहे, पण ती नेटवर्क असलेल्या गावात आणि सांकेतिक भाषा येणाऱ्या व्यक्तीसाठीच. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे मूल लहान असतानाच त्याला आणि त्याच्या आईवडिलांना सांकेतिक भाषा शिकवणे.

आज अशी वेळ आली तर काय करावे?

कर्णबधिर व्यक्तीला तक्रार द्यायची असल्यास पोलिसांकडे दुभाष्याची आणि चित्रीकरणाची मागणी करावी. घरच्या व्यक्तीने अर्थ सांगितला असेल तर तिचे नाव आणि नाते जबाबात नोंदवून घ्यावे. पीडित बालक असल्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नोंदवहीतील दुभाषा मागता येतो. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी अथवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो. क्रमांक फिरवण्याचे काम मात्र ऐकू येणाऱ्या कोणाला तरी करावे लागते. म्हणून गावातील आशा सेविका, पोलीस पाटील आणि शिक्षक यांना हे क्रमांक माहीत असणे ही पहिली गरज आहे.